सदसद्विवेकाचा दाखला

‘धार्मिक सूट’ ही संज्ञा 2021 साली अमेरिकेतील रुग्णालये, विमान कंपन्या, विद्यापीठे आणि सरकारी कचेऱ्या यांच्या व्यवहारात एकाएकी रूढ झाली. कोविडची लस घेतल्यावाचून नोकरीवर राहता येणार नाही, असा नियम जिथे जिथे झाला, तिथे बहुतेक ठिकाणी लस आपल्या श्रद्धेच्या आड येते असा लेखी अर्ज करून त्या नियमातून वगळले जाण्याची वाटही ठेवावी लागली, आणि त्या वाटेला हे नाव मिळाले. नावावरून ही सवलत एखाद्या पंथाच्या आचारनियमांतून निघाली असावी असा समज होतो. परंतु तिचे कूळ शोधत मागे गेले असता ते एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या, ईश्वराचे नावही न घेणाऱ्या, एका कलमापाशी जाऊन पोहोचते. लशीच्या संदर्भात जन्मलेली ही कल्पना पुढे सैन्यभरतीच्या कायद्यात गेली, अमेरिकेत तिला धर्माची जोड मिळाली आणि सुमारे सव्वाशे वर्षांनी ती पुन्हा लशीपाशीच परतली. या सगळ्या प्रवासात दुसऱ्याचे अंतःकरण तपासायचे कोणी आणि कशाच्या आधारे, ही एकच अडचण कायद्याची पाठ सोडत नव्हती.

इंग्लंड आणि वेल्समध्ये देवीची लस 1840 च्या कायद्याने मोफत मिळू लागली आणि 1853 च्या कायद्याने तान्ह्या मुलांना ती जन्मानंतर तीन महिन्यांच्या आत टोचणे आईबापांवर बंधनकारक झाले. 1867 साली ही सक्ती चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना लागू झाली आणि त्याबरोबरच एकाच मुलासाठी पालकाला पुन्हा पुन्हा दंड करण्याची सोय कायद्यात आली. 1871 मध्ये प्रत्येक विभागात लसीकरण अधिकारी नेमणे अनिवार्य झाल्यावर तर अंमलबजावणीची पकड पक्की झाली. दंड न भरणाऱ्याच्या घरातील सामानसुमान जप्त होई, तेही नसेल तर तुरुंगवास घडे, आणि हा भार अर्थातच रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबांना सर्वांत जड जाई. यॉर्कशरमधील कीथली येथील स्थानिक मंडळाच्या सात सदस्यांनी कायदा राबवण्यास नकार दिल्यामुळे 1876 साली त्यांना यॉर्कच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले, यावरून हा विरोध केवळ चार-दोन हट्टी पालकांपुरता उरला नव्हता हे लक्षात येते.

मराठीत या रोगाचे नावच ‘देवी’ असल्यामुळे आणि लस देण्याला ‘देवी टोचणे’ किंवा ‘देवी काढणे’ असेच म्हटले जात असल्यामुळे, मराठी वाचकाला असा विरोध दैवी कोपाच्या भीतीशी जोडावासा वाटणे स्वाभाविक आहे. इंग्लंडमधल्या विरोधकांत धर्माच्या भाषेत बोलणारे होतेच, पण चळवळीचा मुख्य भर वेगळ्या गोष्टींवर होता. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस काढून ती दुसऱ्याच्या दंडात टोचण्याची पद्धत होती, तिच्यातून उपदंशासारखे रोग पसरतात ही भीती निराधार नव्हती, आणि निरोगी मुलाच्या शरीरात सरकारच्या हुकुमाने काही घालण्याचा अधिकार कोणालाही नाही, अशी स्वातंत्र्यवादी मांडणीही जोरात होती. लेस्टर शहरात 23 मार्च 1885 रोजी निघालेल्या निदर्शनात ऐंशी हजार ते एक लाख लोक जमल्याचे अंदाज आहेत. याच शहराने सक्तीऐवजी रोग्याची तत्काळ नोंद, त्याचे विलगीकरण आणि त्याच्या संपर्कातील माणसांवर देखरेख अशी पर्यायी व्यवस्था उभी केली, जी ‘लेस्टर पद्धत’ या नावाने ओळखली जाते.

या असंतोषामुळे 1889 साली लॉर्ड हर्शेल यांच्या अध्यक्षतेखाली एक शाही आयोग, म्हणजे राजाज्ञेने नेमलेली चौकशी समिती, बसवण्यात आला. आयोगाने सात वर्षांनी, 1896 मध्ये, दिलेल्या अंतिम अहवालात लशीची उपयुक्तता मान्य केली, मात्र पालकांना वारंवार दंड करण्याची रीत बंद करावी असे सुचवले. त्यातून 1898 चा लसीकरण कायदा जन्मला. या कायद्याने दंडातून दंडात लस देण्याची जुनी रीत मागे टाकून वासराच्या शरीरात वाढवलेली, ग्लिसरीन मिसळलेली लस पुढे आणली. आणि त्याच्याच एका कलमाने अशी मुभा दिली की, मूल चार महिन्यांचे होण्यापूर्वी पालकाने न्यायदंडाधिकाऱ्यापुढे येऊन, लसीकरण आपल्या मुलाच्या प्रकृतीला अपायकारक ठरेल असे आपण सदसद्विवेकबुद्धीने मानतो, अशी अधिकाऱ्याची खात्री पटवली, तर त्याला सुटीचा दाखला मिळावा.

या तरतुदीला ‘कॉन्शन्स क्लॉज’, म्हणजे विवेक-कलम, हे नाव पडले. नाव मात्र नवे नव्हते. 1870 च्या शिक्षण कायद्यात, शाळेतील धार्मिक शिक्षणाच्या तासाला आपले मूल बसवायचे नसेल तर ते काढून घेण्याचा हक्क पालकाला ज्या कलमाने दिला, त्यालाही हेच म्हणत असत; शाळेतील प्रार्थनेपुरते असलेले नाव आता सुईला लागले. ‘कॉन्शन्स’ या शब्दासाठी मराठीत सदसद्विवेकबुद्धी, म्हणजे योग्य काय आणि अयोग्य काय हे आतून सांगणारी बुद्धी, असा लांबलचक संस्कृत समास वापरावा लागतो. या शब्दामागे इंग्लंडमधील ख्रिस्ती पंथोपपंथांचा मोठा इतिहास असला, तरी 1898 च्या कायद्याने या बुद्धीचा विषय ठरवला तो मुलाचे आरोग्य. श्रद्धेसाठी घडलेली भाषा अशा रीतीने वैद्यकीय मतभेदासाठी वापरली गेली आणि अशा पालकाला ‘कॉन्शन्शस ऑब्जेक्टर’, म्हणजे विवेकाधारित हरकतदार, ही संज्ञा लागली. पुढे युद्धाशी एकरूप झालेली ही संज्ञा इंग्रजीत सर्वसामान्य झाली ती लशीच्या वादातून.

कायद्यात ‘खात्री पटवली तर’ हे शब्द होते आणि सगळी गोम त्यांतच होती. 1898 च्या वर्षअखेरपर्यंत दोन लाखांहून अधिक दाखले दिले गेले, तरी काही न्यायदंडाधिकारी अर्जदाराची उलटतपासणी घेत, त्याच्या अज्ञानाची टर उडवत आणि हा विवेक नसून केवळ हेकटपणा आहे असे म्हणून दाखला नाकारत. म्हणजे एकच पालक एका गावात विवेकी आणि शेजारच्या गावात गुन्हेगार ठरू शकत असे. हा गोंधळ मिटवण्यासाठी 1907 च्या कायद्याने खात्री पटवण्याची अटच काढून टाकली आणि पालकाने विहित नमुन्यात केलेले प्रतिज्ञापूर्वक निवेदन पुरेसे मानले. अंतःकरणाची परीक्षा घेण्याचा नाद कायद्याने इथे प्रथम सोडला. इंग्लंडमधील सक्ती स्वतः मात्र राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या 1946 च्या कायद्याने, 1948 पासून, संपली. दरम्यान पहिल्या महायुद्धात 1916 साली ब्रिटनमध्ये सक्तीची सैन्यभरती सुरू झाली, तेव्हा युद्धाला विवेकाने हरकत घेणाऱ्यांसाठी लशीच्या वादातील हीच भाषा हाताशी होती. तिच्याबरोबर जुनी पद्धतही परत आली, कारण प्रत्येक हरकतदाराला न्यायाधिकरणापुढे उभे करून त्याची मनोमन निष्ठा पारखली जाऊ लागली.

अमेरिकेतील परंपरा आरंभी निराळी होती. मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज शहरात 1902 मध्ये देवीची साथ असताना लस नाकारणाऱ्या हेनिंग जेकबसन यांना पाच डॉलर दंड झाला. ते स्वीडनहून आलेले ल्युथरपंथी पाद्री होते, तरी त्यांनी न्यायालयात मांडला तो व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा. आणि सर्वोच्च न्यायालयाने 20 फेब्रुवारी 1905 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी, सार्वजनिक आरोग्यासाठी राज्याला अशी सक्ती करता येते, असा निर्णय दिला. धर्म या चित्रात आला तो मुख्यतः शतकाच्या उत्तरार्धात, पोलिओच्या लशीनंतर शाळाप्रवेशासाठी लसीकरण बंधनकारक करणारे कायदे झाले तेव्हा. प्रार्थनेने रोग बरा होतो असे मानणाऱ्या ख्रिश्चन सायन्स या पंथाचा या कायद्यांतील सवलतींमागे मोठा वाटा होता, जरी त्या पंथाच्या संस्थापिका मेरी बेकर एडी यांनी, कायदा मागणी करत असेल तर लस घ्यावी, असाच सल्ला अनुयायांना दिला होता. न्यूयॉर्कच्या 1966 च्या कायद्यात मान्यताप्राप्त धर्मसंस्थेच्या सदस्यांनाच सूट होती. 1987 मध्ये एका संघीय न्यायालयाने, सदस्यत्वाची अट म्हणजे संघटित पंथांना दिलेले झुकते माप आहे, असे ठरवून ती रद्द केली, आणि त्यानंतर प्रामाणिक धार्मिक श्रद्धा हा निकष आला.

पंथाकडून व्यक्तीकडे जाणारी हीच वाट अमेरिकेच्या सैन्यभरतीने आधीच चाललेली होती. 1917 च्या भरती कायद्यात युद्ध निषिद्ध मानणाऱ्या सुप्रसिद्ध पंथांच्या सदस्यांनाच सूट होती, तर 1940 च्या कायद्याने व्यक्तीच्या धार्मिक संस्कारांना आणि श्रद्धेला महत्त्व दिले. भरतीला हरकत घेणाऱ्या सीगर यांच्या खटल्यात, 1965 साली, सर्वोच्च न्यायालयाने पुढची पायरी गाठली: आस्तिकाच्या जीवनात ईश्वराला जे स्थान असते, तेच स्थान एखाद्याच्या जीवनात ज्या प्रामाणिक निष्ठेला आहे, ती निष्ठाही कायद्याच्या दृष्टीने धार्मिक होय. सीगर यांनी छापील अर्जावरील ‘धार्मिक’ या शब्दाभोवती अवतरणचिन्हे घातली होती; वेल्श या दुसऱ्या हरकतदारांनी तर धार्मिक संस्कारांचा उल्लेखच खोडून मग सही केली होती, आणि 1970 साली न्यायालयाने त्यांचीही हरकत ग्राह्य धरली. धर्माचा शब्द अर्जावर खोडलेला असतानाही अर्ज धार्मिक ठरला, याचा अर्थ ‘धार्मिक’ या शब्दाने आता जुन्या ‘विवेका’चे काम पत्करले होते.

हा व्यापक अर्थ नोकरीच्या जागी येण्यास एक वेगळा कायदा कारण झाला. 1964 च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या प्रकरणाने धर्मावरून नोकरीत भेदभाव करण्यास मनाई केली होती. 1972 मध्ये, शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ डे बाप्टिस्ट पंथाचे सिनेटर जेनिंग्ज रँडॉल्फ यांच्या पुढाकाराने त्यात अशी दुरुस्ती झाली की, व्यवसायावर अवाजवी भार पडत नसेल तर मालकाने कर्मचाऱ्याच्या धर्माचरणासाठी वाजवी समायोजन, म्हणजे पाळी बदलणे किंवा काम वेगळ्या रीतीने करू देणे अशी सोय, केली पाहिजे. दुरुस्तीमागे सुटीच्या वाराचा प्रश्न होता, लशीचा नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या 1977 च्या हार्डिसन निर्णयाने, मालकाला किरकोळापेक्षा अधिक खर्च पडला तरी तो अवाजवी भार समजावा, असे सांगून या हक्काची धार बोथट केली. परंतु रोजगारातील समान संधी पाहणाऱ्या संघीय आयोगाने 1980 च्या मार्गदर्शक नियमांत धर्माची व्याख्या सीगर आणि वेल्श या युद्धविरोधकांच्या खटल्यांतूनच उचलली.

लस आणि नोकरी यांची गाठ पडली ती रुग्णालयांत. सिॲटलमधील व्हर्जिनिया मेसन या रुग्णालयाने 2005 मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना फ्लूची लस सक्तीची केली आणि पुढील दशकात अशा नियमांचे अनुकरण होत गेले. त्यांवरील खटल्यांनी धर्माच्या व्याख्येची हद्द चाचपून पाहिली. ओहायोतील एका खटल्यात, अंड्यात वाढवलेली लस नाकारणाऱ्या व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीही न घेणाऱ्या, कर्मचाऱ्याची निष्ठा धर्मसदृश असू शकते असे म्हणून न्यायालयाने 2012 मध्ये दावा प्रारंभीच फेटाळण्यास नकार दिला; उलट 2017 मध्ये फिलाडेल्फियातील अपील न्यायालयाने, लस अपायकारक आहे हे एका कर्मचाऱ्याचे मत वैद्यकीय असून धार्मिक नाही, असा निवाडा दिला. मुलाच्या प्रकृतीला अपाय होईल एवढेच म्हणणाऱ्या 1898 च्या पालकाला जो दाखला मिळाला असता, तो त्याच कारणाने या कर्मचाऱ्याला मिळू शकला नाही.

2021 मध्ये ही परीक्षा घेण्याचे काम न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनुष्यबळ विभागाकडे आले. अनेक अर्जांत गर्भपेशींचा मुद्दा होता: जॉन्सन अँड जॉन्सनच्या लशीच्या उत्पादनात आणि फायझर व मॉडर्ना यांच्या लशींच्या चाचण्यांत काही दशकांपूर्वीच्या गर्भाच्या पेशींपासून वाढवलेल्या पेशीमालिका वापरल्या गेल्या होत्या. व्हॅटिकनने डिसेंबर 2020 मध्येच, दुसरा पर्याय नसेल तर अशा लशी घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य आहे, असे जाहीर केले होते. तरीही कॅथलिक अर्जदाराचा अर्ज केवळ त्या कारणाने बाद करता येत नव्हता, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1981 च्या टॉमस निर्णयानुसार श्रद्धा सहधर्मीयांना मान्य असण्याची अट नाही. म्हणून आर्कान्सामधील एका रुग्णालयाने अर्जदारांकडून, संशोधनात तशाच पेशी वापरलेली नेहमीची औषधेही आपण घेणार नाही, असे लिहून मागितले. उलटतपासणीचा जुना प्रकार इथे औषधांच्या यादीच्या रूपाने अवतरला होता.

शंभर किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना लस किंवा चाचणी बंधनकारक करणारा संघीय नियम सर्वोच्च न्यायालयाने 13 जानेवारी 2022 रोजी स्थगित केला, पण सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसंस्थांवरील सक्ती कायम ठेवली, आणि सुटीचे दावे न्यायालयांत चालूच राहिले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी कोणावरही लसीकरणाची बळजबरी करता येणार नाही असे म्हटले, ते घटनेच्या अनुच्छेद 21 मधील देहाच्या अखंडतेच्या आधारे. श्रद्धेच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेण्याची वेळ तिथे आली नाही. अमेरिकेत ती वेळ टाळण्याचा मार्ग 29 जून 2023 च्या ग्रॉफ निर्णयाने सुचवला. रविवारी टपाल वाटण्यास नकार देणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील एका टपाल कर्मचाऱ्याच्या त्या खटल्यात न्यायालयाने हार्डिसनचा प्रचलित अर्थ अमान्य करून, व्यवसायाच्या मानाने लक्षणीय वाढीव खर्च सिद्ध झाला तरच समायोजन नाकारता येईल, असे ठरवले. 1898 च्या कायद्याने पालकाच्या मनात डोकावायला सांगितले होते, 1907 च्या कायद्याने त्याच्या सहीवर समाधान मानले, आणि 2023 च्या निर्णयाने वादाचा मोठा भाग मालकाच्या जमाखर्चाच्या वहीकडे वळवला.