बीडमधले मोर, माळरान आणि तलाव: पक्ष्यांच्या फोटोग्राफीसाठी काय लागतं?

बीड जिल्हा म्हटलं की दुष्काळ आणि ऊसतोड आठवते. पण याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात मोरांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर आहे. बालाघाटच्या डोंगररांगा, खुरटं रान आणि माळ असा हा भाग आहे. शिवाय सिंदफणेवरचं माजलगाव धरण, केज तालुक्यातलं धनेगावचं मांजरा धरण, बीडजवळचा बिंदुसरा प्रकल्प आणि उत्तर सीमेवरून वाहणारी गोदावरी आहेच. म्हणजे एकाच जिल्ह्यात मोर, माळरानावरचे पक्षी आणि पाणपक्षी असे तिन्ही प्रकार भेटतात. तिन्हींचे फोटो काढण्याची पद्धत मात्र वेगवेगळी आहे.

कोणता पक्षी कधी?

मोर: जून ते ऑगस्ट हा त्यांचा विणीचा काळ. पिसारा फुलवून नाचणारा मोर याच दिवसांत दिसतो. पावसाळा सरता सरता पिसाऱ्याची पिसं गळतात. त्यामुळे दिवाळीत गेलात तर मोर दिसेल, पण तो बोडका असेल.

माळरान: धाविक, चंडोल, तित्तर आणि पखुर्डी (भाटतित्तर) वर्षभर दिसू शकतात. हिवाळ्यात माळावर खालून घिरट्या घालणारे भोवत्या हे शिकारी पक्षी येतात.

तलाव: नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा स्थलांतरित बदकांचा काळ. थापट्या, चक्रवाक अशी बदकं येतात. वारकरी, शेकाट्या हे पाणपक्षीही दिसतात.

कॅमेरा आणि लेन्स

पक्षी लहान असतो आणि जवळ येऊ देत नाही. म्हणून लांब पल्ल्याची लेन्स लागते. सुरुवातीला १००-४०० किंवा १५०-६०० मिलिमीटरची झूम लेन्स पुरते. कॅमेऱ्याचा सेन्सर लहान (क्रॉप) असेल तर निकॉन आणि सोनीमध्ये १.५ पट, कॅननमध्ये १.६ पट फायदा मिळतो. म्हणजे ४०० ची लेन्स ६०० किंवा ६४० सारखी वागते. बजेट कमी असेल तर मोठ्या झूमचा ब्रिज कॅमेरा घ्या. उजेड चांगला असेल तर तलावावरच्या बदकांची ओळख पटेल असा फोटो त्यावर नक्की येतो.

मोराच्या बाबतीत उलटी अडचण येते. फुललेला पिसारा जवळपास दोन मीटर रुंद होतो. ६०० वर लेन्स लावून बसलात तर दोन्ही कडा कापल्या जातात. तिथे २०० ते ३०० मिलिमीटर बरे.

ट्रायपॉड जड होतो आणि पावसाळ्यात काळ्या मातीत त्याचे पाय रुततात. गाडीच्या खिडकीतून किंवा बांधावर टेकून फोटो काढायचा असेल तर जुन्या जीन्सचा पाय कापून त्यात ज्वारी किंवा तांदूळ भरा आणि दोन्ही तोंडं शिवून टाका. विकतच्या बीनबॅगचं काम होतं.

सेटिंग काय ठेवावं?

• बसलेला पक्षी: १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर.
• उडणारा पक्षी: १/२००० किंवा त्याहून वेगवान.
• नाचणारा मोर: किमान १/१०००. नाचताना मोर पिसारा सेकंदाला साधारण २५ वेळा थरथरवतो. शटर मंद असेल तर कडेची पिसं पुसट येतात.
• फोकस नेहमी डोळ्यावर. कॅमेऱ्यात पक्ष्यांचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असेल तर तो चालू ठेवा.

पावसाळी ढगांत उजेड कमी असतो आणि शटर वेगवान हवं असतं. मग आयएसओ वाढवावा लागतो. १६०० किंवा ३२०० ला घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला सुधारत नाही.

दुसरा घोटाळा एक्स्पोजरचा. पांढऱ्या आभाळासमोर मोर उभा असेल तर कॅमेरा सगळं दृश्य उजळ समजतो आणि मोर काळा येतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करा. गडद पाण्यावर पांढरा बगळा असेल तर उलट, -१ च्या आसपास.

मोराचा निळा-हिरवा रंग केवळ रंगद्रव्यातून येत नाही, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून परतणाऱ्या उजेडातून तयार होतो. म्हणून कोन बदलला की रंगही बदलतो. भर उन्हात तो भगभगीत दिसतो, हलक्या ढगांत छान उतरतो.

ऊन, धूळ आणि दमट हवा

मराठवाड्यात सर्वात जास्त फोटो बिघडवते ती उन्हाची झळ. जमीन तापली की हवेचे थर हलू लागतात आणि दूरचा पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. लेन्स कितीही महाग असो, सॉफ्टवेअर कोणतंही असो, हा दोष पुढे निघत नाही. उपाय दोनच: उन्हाळ्यात सकाळी आठ-साडेआठच्या आत काम उरका आणि अंतर कमी असेल तेव्हाच फोटो काढा. एसी चालू असलेल्या गाडीची काच खाली केली तरी थंड आणि गरम हवा मिसळून तोच दोष येतो. आधी एसी बंद करा आणि थोडं थांबा.

माळावर लेन्स बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. लेन्सवरची धूळ आधी ब्लोअरने उडवा, मगच कापड लावा. पावसाळ्यानंतर लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

सॉफ्टवेअर

फोटो रॉ फॉरमॅटमध्ये काढा. जेपीईजीपेक्षा त्यात उजेड आणि रंग सुधारायला जास्त वाव असतो. लाइटरूमला पैसे लागतात. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफत आहेत. क्रम साधा ठेवा: छाटणी, उजेड, नॉइज कमी करणे, शेवटी थोडा शार्पनेस.

एआयने नॉइज काढणारी साधनं उपयोगी आहेत, पण जास्त ताणली की ती पिसांचे बारकावे स्वतःच रचतात. चंडोल किंवा भोवत्यासारख्या पक्ष्यांची जात अशाच बारकाव्यांवरून ठरते. मूळ रॉ फाइल जपून ठेवा. फोटो खरा आहे का असं कुणी विचारलं तर तोच पुरावा.

ओळख पटवायला मर्लिन हे मोफत ॲप फोटो आणि आवाज दोन्हींवर चालतं. भारतातल्या पक्ष्यांचा पॅक आधी उतरवून ठेवला की रेंज नसली तरी काम होतं. ई-बर्डवर यादीसोबत फोटो टाकला तर तुमची नोंद अभ्यासकांच्या कामी येते.

पाणवठ्यावर बसण्याआधी

पखुर्डी साधारण सकाळी ठरावीक वेळी पाण्यावर येतात, म्हणून फोटोग्राफरना ती जागा सोपी वाटते. नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून तेच पाणी पिलांना नेतो. एप्रिल-मेमध्ये परिसरात एकच डबकं उरलेलं असेल आणि तुम्ही त्याच्या काठावर तासभर बसलात, तर ते पक्षी न पिता परत जातात. जवळ दुसरं पाणी नसेल तर त्याचा फटका पिलांना बसतो. लांब बसा, आडोसा घ्या, आणि पक्षी घिरट्या घालून उतरत नसतील तर उठून निघा.

पावसाळ्यात लांडोर जमिनीवरच, झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. पायवाट सोडून मोराच्या मागे धावणाऱ्याला घरटं दिसतही नाही. ती उठून गेली तर अंडी मुंगूस आणि कुत्र्यांसाठी उघडी पडतात.

कायदा काय सांगतो?

मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये येतो. या कायद्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणंही ‘शिकार’ या व्याख्येत बसतं. अनुसूची १ मधल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. अभयारण्यात जाण्यासाठी कलम २८ नुसार परवाना लागतो. ड्रोन परवानगीशिवाय नेऊ नका.

शेतात शिरण्याआधी मालकाला राम राम करा आणि विचारा. मोर कोणत्या वेळी कुठल्या बांधावर येतो, हे त्यांना चांगलं माहीत असतं.

पोस्ट करताना

• घरट्याचे फोटो टाकू नका.
• दुर्मीळ पक्षी असेल तर गाव किंवा तलावाचं नाव न देता फक्त जिल्हा लिहा.
• मोबाइलच्या फोटोत लोकेशन साठवलं जातं. पोस्ट करण्याआधी ते काढा. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर ते तसंच पुढे जातं.
• आवाज वाजवून किंवा दाणे टाकून पक्षी बोलावला असेल, तर ते कॅप्शनमध्ये लिहा. लिहायला संकोच वाटत असेल तर तसं करूच नका.

सुरुवात कधी करावी?

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा जन्मदिवस. महाराष्ट्रात २०२० पासून हा आठवडा ‘पक्षी सप्ताह’ म्हणून साजरा होतो. याच सुमारास तलावांवर पाहुणे पक्षी जमू लागतात, ऊन सौम्य असतं आणि सकाळची झळही कमी असते. शिकायला माजलगाव किंवा मांजरा धरणाचा काठ यासाठी सोयीचा. मोराच्या नाचासाठी पुढच्या जूनपर्यंत थांबावं लागेल. तोवर हात बसलेला असेल.