इचलकरंजीची ‘मीरा’

वालीव, गोखिवरे, सातिवलीच्या गाळ्यांत कामाला जाणाऱ्या आपल्या कितीतरी जणी आहेत. कुणी पार्ट घासते, कुणी मोजून पेटीत भरते. पेटी गाडीत चढली की तो पार्ट पुढे कशात बसतो, हे आपल्याला दिसत नाही. गटाच्या बैठकीत विषय निघाला, की अख्खी मोटार एकट्या माणसाने केली आहे का कधी? केली आहे, आणि तीही आपल्या महाराष्ट्रात. म्हणून आज आम्ही ‘मीरा’ची गोष्ट सांगणार आहोत.

इचलकरंजी हे कोल्हापूर जिल्ह्यातलं मागांचं गाव. तिथे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४५ च्या सुमारास मोटार बनवायला घेतली. इंजिनिअरची पदवी नाही, पाठीशी कंपनी नाही. १९४९ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली. छोटीशी, दोन माणसांची. तिला रीतसर नंबरही मिळाला, एमएचके १९०६.

शंकररावांची खरी हुशारी गाडीच्या पोटात होती. त्या काळी इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, त्यामुळे मधे लांबलचक लोखंडी दांडा लागायचा. त्यांनी इंजिनच मागे बसवलं. दांडा गेला, वजन गेलं, खर्च गेला. खड्ड्यांचे धक्के झेलायला लोखंडी पाटे किंवा स्प्रिंगा असतात, त्या जागी त्यांनी रबर वापरलं. घरात एखादी वस्तू नसली की आपण दुसऱ्या वस्तूवर भागवतो ना, तसंच डोकं; फक्त इथे भागवलेलं मूळच्यापेक्षा साधं आणि स्वस्त निघालं.

एका गाडीवर ते थांबले नाहीत. १९५१, १९६०, १९७०, दर वेळी नवी, सुधारलेली मीरा. तीस वर्षं जी वस्तू विकली जात नाही तिच्यावर पैसा घालायचा, म्हणजे त्या घरातल्या बायकांनी काय काय निभावलं असेल, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

१९७५ च्या सुमारास मीराची किंमत धरली होती बारा हजार रुपये. जयसिंगपूरला कारखाना काढायचं चाललं होतं. पण तेव्हा मोटारीचा कारखाना म्हणजे दिल्लीचा परवाना. किती गाड्या काढायच्या, तेही सरकार ठरवायचं. वर अबकारी कर आणि गावोगावची जकात. बाराचे किती हजार होतील याचा हिशेब लागेना. कारखाना झालाच नाही.

त्याच काळात दिल्लीजवळ संजय गांधींच्या ‘मारुती’ला वर्षाला पन्नास हजार गाड्यांची परवानगी मिळाली होती. त्यांनाही गाडी बाजारात आणता आली नाही. पुढे सरकारने कंपनी ताब्यात घेतली, जपानची सुझुकी भागीदार झाली आणि १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हातात पडली. लोकांना छोटी गाडी हवी होती, हे शंकररावांचं म्हणणं खरं ठरलं. फक्त गाडी दुसऱ्याची होती. आम्हाला राग येतो तो इथे.

२००८ च्या जानेवारीत टाटांनी ‘नॅनो’ दाखवली. लाखाची गाडी म्हणून घरोघरी चर्चा झाली, ते तुम्हाला आठवत असेल. तिचं इंजिन मागेच होतं.