कर्नल हेडर फाइलींची सुसंगती

कर्नल हेडर फाइलींची सुसंगती म्हणजे कार्यप्रणालीच्या कर्नलची आवृत्ती बदलल्यावरही त्याच्या हेडर फाइलींवर अवलंबून असलेला कोड संकलित होऊन योग्य रीतीने चालावा, यासाठी केलेली व्यवस्था होय. फंक्शनची नावे, त्यांचे पॅरामीटर आणि स्ट्रक्चरची मांडणी हेडर फाइलींत घोषित केलेली असते. या लेखात सी भाषेतील लिनक्स कर्नलचा विचार केला आहे.

हेडरचे प्रकार

सामान्य प्रोग्राम ज्या हेडर फाइली वापरतात, त्या स्थिर ठेवण्याचे लिनक्सचे धोरण आहे. आवृत्ती ३.७ (२०१२) पासून त्या ‘यूएपीआय’ या स्वतंत्र डिरेक्टरीत ठेवल्या जातात. ड्रायव्हर व अन्य मोड्यूल वापरत असलेल्या अंतर्गत हेडर फाइलींना अशी हमी नाही. उदाहरणार्थ, ‘ॲक्सेस_ओके’ याचे पॅरामीटर आवृत्ती ५.० (२०१९) मध्ये तीनवरून दोन झाले. त्यामुळे जुना कोड संकलित होईनासा झाला. संकलनातील त्रुटी निदान लगेच दिसते. मात्र स्ट्रक्चरची मांडणी जुळत नसताना मोड्यूल जबरदस्तीने लोड केल्यास मेमरीतील माहिती बिघडून संगणक बंद पडू शकतो.

आवृत्तीची तपासणी

आवृत्तीनुसार कोड निवडण्यासाठी आवृत्तीचे तीन भाग एका संख्येत मांडले जातात. पहिला भाग ६५,५३६ ने व दुसरा २५६ ने गुणून त्यांत तिसरा मिळवतात; ५.१५.० साठी ही संख्या ३,३१,५२० येते. तिसऱ्या भागासाठी ० ते २५५ एवढीच जागा असते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ४.९ ही मालिका २५६ वर पोहोचली, तेव्हा या सूत्राने ४.९.२५६ आणि ४.१०.० यांची संख्या एकच आली असती. म्हणून तिसऱ्या भागाचे मूल्य २५५ वर रोखण्यात आले.

रेड हॅटसारखे वितरक नव्या आवृत्तीतील बदल जुन्या आवृत्तीतही आणतात. अशा वेळी केवळ क्रमांक पुरेसा ठरत नाही. त्यामुळे छोटा कोड प्रत्यक्ष संकलित करून विशिष्ट फंक्शन उपलब्ध आहे का, हे पाहतात आणि सर्व फरक एकाच सुसंगती हेडरमध्ये ठेवतात. डेल कंपनीने विकसित केलेली ‘डीकेएमएस’ ही प्रणाली नवा कर्नल स्थापित होताच मोड्यूल पुन्हा संकलित करते. परंतु त्यासाठी त्याच आवृत्तीचे हेडर आवश्यक असतात आणि बदललेला इंटरफेस ती दुरुस्त करू शकत नाही.

केजीडीबीचे उदाहरण

कर्नलमधील दोष शोधणारे ‘केजीडीबी’ अनेक वर्षे मूळ कर्नलबाहेर पॅच स्वरूपात उपलब्ध होते. त्याच्या विकासात अमित काळे व पुण्यातील लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज यांचा वाटा होता. बाहेर असलेला असा पॅच प्रत्येक नव्या आवृत्तीशी जुळवून घ्यावा लागतो. २००८ मध्ये आवृत्ती २.६.२६ पासून केजीडीबी मूळ कर्नलमध्ये समाविष्ट झाले. मूळ कर्नलमधील कोडबाबत, अंतर्गत इंटरफेस बदलणाऱ्यानेच त्यावर अवलंबून असलेला कोडही दुरुस्त करावा, असा संकेत आहे. त्यामुळे समावेश हा सुसंगतीचा सर्वांत टिकाऊ उपाय मानला जातो.