अतिमानवी नायकांचे कल्पित भविष्य

१९३८ साली अवतरलेला सुपरमॅन व १९३९ सालचा बॅटमॅन हे अमेरिकन चित्रकथांतील नायक अंकामागून अंक तरुणच राहिले. कारण नायक वृद्ध झाला म्हणजे मालिका संपते. वार्धक्य, पराभव व मृत्यू यांचे चित्रण त्यामुळे बहुधा मुख्य कथाप्रवाहाबाहेरील कल्पित भविष्यातच होऊ शकले.

‘अनकॅनी एक्स-मेन’च्या १९८१ सालच्या १४१ व १४२ या अंकांत ख्रिस क्लेअरमाँट व जॉन बर्न यांनी २०१३ सालची अमेरिका रंगविली. तेथे सत्ता यंत्रमानवांची असून उत्परिवर्तित मानव छावण्यांत कोंडलेले आहेत. या चित्रामागे नाझी छळछावण्यांची स्मृती उघड दिसते. भूतकाळातील एका सिनेटरचा खून टळला, तरच हे भविष्य टळावयाचे असते. १९८६ साली फ्रँक मिलर यांनी ५५ वर्षांचा, दहा वर्षे निवृत्त असलेला बॅटमॅन उभा केला. त्याचा जुना सहकारी सुपरमॅन येथे शासनाचा आज्ञाधारक सेवक बनला आहे, आणि संपूर्ण कथेवर शीतयुद्धातील अण्वस्त्रांची छाया आहे.

२०१३ साल उलटून गेले. ते भाकित खरे ठरले नाही. तथापि या कथांचे मूल्य त्यामुळे उणावत नाही. त्या भविष्याच्या नव्हे, तर त्या दशकातील भयाच्या इतिहासाची साधने होत.