चढाईचा मान

मेहकर तालुक्यातील जानेफळ ज्या मुलखात वसले आहे, त्याचा उल्लेख अकबराच्या काळात वऱ्हाड सुभ्यातील सरकार मेहकर असा होई. परंतु परगण्यांची जमाबंदी, देशमुख-देशपांड्यांची वतने आणि पाटलांचे हक्कलवाजमे दफ्तरांत जितक्या काटेकोरपणे उतरले, तितके सुगीनंतरच्या मोकळ्या खळ्यावरचे हुतुतूचे, म्हणजेच कबड्डीचे, गडी उतरले नाहीत, आणि संघात दोघे-तिघे नामांकित गडी असता चढाईस पुढे कोणी जावे, हा या खेळातील जुना तंटा लेखी इतिहासाबाहेरच राहिला.

पावसाळ्यात पायाला शेर-शेर चिकटणारी येथील काळी माती खळ्यासाठी चोपून-सारवून टणक केली, की राखेची एक रेघ ओढण्याचाच काय तो अवकाश असे. घड्याळ नव्हते, एका श्वासात घोष चालेल तेवढीच चढाई, आणि शत्रूच्या अंगणात दम तुटला की गडी मेला. पाटलाचा मुलगा असो की सालदाराचा, छातीचा भाता हीच सनद. वतन वारशाने मिळे, दम मिळत नसे. तरीही पहिल्या चढाईवरून रुसवेफुगवे होतच, हे कोणत्याही गावच्या म्हाताऱ्यास विचारावे.

वस्तुतः या तंट्याचा निवाडा गड्यांच्या गुणांपेक्षा खेळाच्या कायद्यानेच अधिक केला. अमर पद्धतीत बाद झालेला गडी अंगणातच राहतो आणि प्रतिपक्षास केवळ गुण मिळतो. तेव्हा बिनीच्या गड्यास वारंवार धाडण्यात धोका कसला? गामिनीत मात्र मेलेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो, म्हणून शहाणा संघनायक आपला हुकमी एक्का राखून ठेवी. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी मारला की आपला एक उठतो, आणि तोही बाद झालेल्या क्रमाने. म्हणजे प्रमुख चढाईपटू पहिला पडला तर पहिल्याच गुणाला परततो, चौथा पडला तर चार गुणांची वाट पाहावी लागते. ही रांग मनात मोजत राहणे, हेच नायकाचे खरे काम.

1923 साली बडोद्यास कबड्डीची अखिल भारतीय स्पर्धा झाली. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी आपल्या वऱ्हाडचा हा खेळ जगास दाखविला. 1950 साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. कायदा छापील झाला, संजीवनी रूढ झाली, आणि पुढे चढाईस तीस सेकंदांची मर्यादा पडली, तेव्हा छातीच्या भात्याचे जुने साम्राज्य संपले.

अमेरिकेच्या बास्केटबॉलमध्येही घड्याळाने असाच हस्तक्षेप केला. 22 नोव्हेंबर 1950 रोजी फोर्ट वेनच्या संघाने मिनियापोलिसच्या उंचापुऱ्या जॉर्ज मायकनच्या हाती चेंडू जाऊच नये म्हणून तो नुसता धरून ठेवला व सामना 19 विरुद्ध 18 असा जिंकला. त्या अठरांपैकी पंधरा गुण एकट्या मायकनचे होते. 1954 साली चोवीस सेकंदांचा नियम आला आणि चेंडू दडवून ठेवण्याची सोय उरली नाही. आक्रमणाची धुरा एकाच्याच खांद्यावर द्यावी की वाटून घ्यावी, हा वाद मात्र तेथे आजही मिटलेला नाही.

आपल्याकडे 2014 साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाही तर गडी बाद. हा जुगार कित्येकदा बिनीच्या गड्याऐवजी दुय्यम गड्याच्या माथी मारला जातो. तो रेघ ओलांडतो, आणि ज्याच्या नावाने प्रेक्षक ओरडत असतात तो मागे कोपऱ्यात मांडीवर तळहात चोळीत, आपल्या पाळीसाठी दम राखून उभा राहतो.