हौशी फोटोवर अभिप्राय कसा द्यावा आणि कसा घ्यावा?

पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकसारख्या गावांत भाताची लावणी सुरू झाली की मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये एकाच धाटणीचे फोटो येऊ लागतात. पाण्याने भरलेलं खाचर, वाकून रोपं लावणाऱ्या बायका, मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात: ‘अप्रतिम’, ‘कडक’, अंगठा, फुलांचा गुच्छ. काढणाऱ्याला बरं वाटतं आणि पुढच्या पावसाळ्यात तो अगदी तसाच फोटो पुन्हा काढतो. कधी एखादा जाणकार ‘काही दम नाही’ एवढंच लिहून मोकळा होतो, आणि नवखा माणूस फोटो दाखवणंच बंद करतो. दोन्ही प्रतिक्रियांत एकच गोष्ट राहून जाते: फोटोत नेमकं काय दिसलं.

आधी हेतू विचारावा

गागोदे हे विनोबा भावे यांचं जन्मगाव. त्यांचा जन्म इथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी झाला. गावात येणारा माणूस त्यांच्या जन्मघराचा फोटो काढतो आणि जाता जाता लावणीचाही. या दोन फोटोंना एकच फूटपट्टी लावून चालत नाही. घराचा फोटो नोंद म्हणून काढला असेल, तर भिंती सरळ दिसणं महत्त्वाचं. फोन वर कलता धरला की भिंती माथ्याकडे एकमेकींकडे झुकतात. अशा वेळी ‘दोन पावलं मागे जाऊन फोन उभा सरळ धरून बघा’ ही सूचना कामाची आहे. ‘फोटोत भावना नाही’ ही नाही, कारण भावना दाखवायचा तिथे इरादाच नव्हता.

लावणीच्या फोटोत उलट होऊ शकतं. क्षितिज थोडं तिरकं असेल, कडेला विजेची तार असेल, तरी एखादी बाई पाठ सरळ करायला उठली तो क्षण पकडला गेला असेल, तर आधी त्याबद्दल बोलायला हवं. म्हणून अभिप्रायाआधी ‘यात तुम्हाला काय दाखवायचं होतं?’ हा प्रश्न विचारावा. बऱ्याचदा उत्तर देतानाच काढणाऱ्याला स्वतःची चूक सापडते.

कौतुक असो की चूक, जागा दाखवावी

चांगला अभिप्राय बघणाऱ्याच्या नजरेचा प्रवास सांगतो. ‘नजर आधी उजव्या कोपऱ्यातल्या निळ्या प्लास्टिककडे गेली, बाईकडे नंतर’ हे वाक्य ‘फ्रेमिंग सुधारा’ यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. पहिल्यावर वाद होत नाही, कारण ती बघणाऱ्याची नोंद आहे. दुसरं ऐकून काय करायचं ते कळतच नाही.

मग उपाय. काही गोष्टी घरी बसून सुधारतात: तिरकं क्षितिज, कडेचं प्लास्टिक, काळवंडलेले चेहरे. पण पावसाळी आभाळ फोटोत पार पांढरंफटक झालं असेल, तर त्यातले ढग नंतर परत आणणं सहसा जमत नाही. तिथे ‘पुढच्या वेळी आभाळावर बोट ठेवून उजेड कमी करा’ असं सांगावं. रोप लावणारा हात पुसट आला असेल, तर शटरचा वेग बघावा. सेकंदाचा तिसावा भाग हलत्या हाताला पुरत नाही, अडीचशेव्या भागाच्या आसपास बहुधा काम होतं.

यात एक खाचखळगा आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून लहान केलं जातं आणि शटरचा वेग वगैरे नोंदी त्यातून गळतात. असा फोटो बघून ‘शार्पनेस नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे. तपशिलावर मत हवं असेल तर मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

‘एक तृतीयांशचा नियम’ मात्र जपून वापरावा. हे नाव जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने १७९७ मध्ये निसर्गचित्रांबद्दल लिहिताना वापरलं, तेव्हा कॅमेऱ्याचा फोटो अस्तित्वातही नव्हता. विषय मधोमध आहे एवढ्यावरून फोटो फसला असं होत नाही.

जुनी रीत

हौशी मंडळींनी एकत्र येऊन फोटो बघण्याची परंपरा मुंबईत १८५४ पासूनची आहे. त्या वर्षी तिथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या कामात पुढे होते. १८५६ पासून सोसायटीच्या आश्रयाने ‘इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ निघू लागला. त्याच्या प्रत्येक अंकात खरे छापील फोटो आणि सोबत मजकूर असे. ब्रिटनमध्ये पुढे हौशी लोक फोटोंची पेटी टपालाने एकमेकांकडे फिरवू लागले. प्रत्येक जण इतरांच्या फोटोवर लेखी मत देई आणि पेटी पुढे धाडी. मत कागदावर उतरवायचं आणि ते काढणाऱ्याच्या हाती पडायचं म्हटल्यावर ‘मस्त’ लिहून भागत नसे.

ऐकताना

फोटो दाखवणाऱ्याचं काम जास्त अवघड. टीका आली की लगेच खुलासा सुरू होतो: पाऊस होता, घाई होती, फोन जुना आहे. खरं असेलही, पण बघणाऱ्यासमोर फक्त चौकट असते. आधी सगळं ऐकून घ्यावं आणि ‘कुठे?’ एवढंच विचारावं. तिघांनी वेगवेगळे उपाय सांगूनही बोट एकाच जागी ठेवलं, तर गडबड त्या जागी नक्की आहे. उपाय मात्र तिघांचेही चुकीचे असू शकतात. सगळ्यांना खूश करत कापत गेलेला फोटो शेवटी कोणाचाच राहत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी.

फोटोतल्या माणसाबद्दलही बोलावं लागतं, आणि ते ग्रुपवर नाही, खासगीत. चिखलात गुडघाभर उभ्या बाईला फोटो काढल्याचं माहीत होतं का? साडी खोचलेल्या अवस्थेतला हा फोटो तिच्या घरच्यांच्या फोनवर पोचला तर तिला चालेल का? उत्तर ‘नाही’ असेल, तर उजेड कितीही सुंदर असो, फोटो काढून टाकायला सांगणं हाच अभिप्राय.

वेळेचंही भान ठेवावं. लावणी काही आठवड्यांत उरकते. ‘खाली बसून, रोपांच्या उंचीवरून काढा’ ही सूचना दिवाळीत मिळाली, तर ती करून बघायला पुढच्या आषाढापर्यंत थांबावं लागतं.