बालाबुश्काची क्यू

गेली चार वर्षं मी पूल खेळतोय ते पार्लरच्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या क्यूंनी. त्यातली बरी निवडायची रीत ठरलेली आहे. टेबलावर गडगडवायची, डुगडुगली तर वाकडी, मग पुढची उचलायची. मागच्या वर्षी अमेरिकेहून आलेल्या मित्राने त्याची खास बनवून घेतलेली क्यू दहा मिनिटं माझ्या हातात दिली. मेपलचा दांडा, मुठीशी लिननचा दोरा, मधे स्टीलचा सांधा. वजन १९ औंस, म्हणजे साधारण ५४० ग्रॅम. त्यात नवल काही नाही. पण टिप बॉलला लागली आणि एक भरीव ‘टक्’ थेट तळहातात उतरला. घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता: हे खरंच जाणवलं, की किंमत ऐकल्यामुळे जाणवलं?

याचं उत्तर शोधत मी जॉर्ज बालाबुश्कापर्यंत पोचलो. जन्म १९१२, रशिया. १९२४ साली कुटुंबाबरोबर अमेरिकेत. हात सुतारकामात बसलेला. १९५९च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याने मित्रांसाठी हौसेने क्यू बनवायला सुरुवात केली. १९६१ साली ‘द हसलर’ सिनेमा आला, अमेरिकेत पूलची लाट उसळली आणि चांगल्या खेळाडूंना स्वतःची क्यू हवीशी वाटू लागली. १९७५ साली तो गेला, तोपर्यंत त्याच्या नावाला व्हायोलिनमधल्या स्त्रादिवारीसारखं वजन आलं होतं.

गंमत अशी, की क्यूवरचा सगळ्यात देखणा भाग तो स्वतः बनवत नसे. मुठीच्या वर गडद लाकडाच्या टोकदार पाचरी मेपलमध्ये घुसलेल्या दिसतात ना, तो जोड. सुरुवातीला त्यासाठी तो ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ नावाच्या, पूल हॉलमधल्या साध्या क्यू घ्यायचा आणि कापायचा. पुढे बर्टन स्पेन आणि गस झॅम्बोटी या कारागिरांकडून जोडलेलं लाकूड घ्यायचा. आम्ही प्रोग्रॅमर दुसऱ्याची लायब्ररी वापरतो, तसंच हे.

मग त्याचं स्वतःचं काय? तोल, सांधा, निमुळतेपणा आणि सबुरी. लाकूड एकदम बारीक केलं तर वाकतं. म्हणून लेथवर थोडं तासायचं, मुरायला ठेवायचं, पुन्हा तासायचं. टोकाशी दांडा जेमतेम १३ मिलिमीटर उरतो. तो सरळ राहणं हीच कारागिराची परीक्षा.

त्याचं नाव जगभर झालं ते मात्र मृत्यूनंतर. १९८६च्या ‘द कलर ऑफ मनी’मध्ये पॉल न्यूमन टॉम क्रूझला ‘बालाबुश्का’ भेट देतो. पडद्यावरची ती क्यू प्रत्यक्षात जॉस कंपनीची होती. लाखो लोक ज्या क्यूवर भाळले, ती त्याची नव्हतीच! म्हणजे माझी शंका अगदीच वेडगळ नव्हती.

आता भौतिकशास्त्र. टिप आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सुमारे एक मिलिसेकंद. हातातला संदेश मेंदूपर्यंत पोचायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. ‘टक्’ कळतो तेव्हा बॉल कधीच निघून गेलेला असतो. तो शॉट त्या जाणिवेने सुधारणं शक्यच नाही. शिवाय बॉलला मधे न मारता बाजूला मारलं, की तो रेषेपासून थोडा उलट्या बाजूला सरकतो. किती सरकेल हे दांड्याच्या पुढच्या काही इंचांच्या वजनावर ठरतं. १९९०च्या दशकात टोक पोकळ आणि हलकं केलेले दांडे आले ते म्हणूनच. या एका मापात जुन्या क्यूंचं जड हस्तिदंती टोक मागे पडतं.

तरी ‘टक्’ निरुपयोगी नाही. तो पुढच्या शॉटसाठी असतो. फटका मधे बसला की कडेला, हे हात त्यातून शिकतो. पण शिकायचं तर आवाज रोज तोच हवा, बॉल सरकण्याचं प्रमाणही तेच हवं. पार्लरमध्ये दर वेळी वेगळी क्यू घेऊन मी दर वेळी पहिलीपासून शिकत होतो.

मी कस्टम क्यू घेतली नाही. परवडलीही नसती. साधी, सरळ मेपलची एक विकत घेतली आणि आता दुसऱ्या कुठल्याही क्यूने खेळत नाही. तिचाही एक ‘टक्’ आहे, जरा पोकळ. हळूहळू ओळखीचा होतोय.